सगळ्यांना एकच माप

नेसवोग या आमच्या समुद्रकाठच्या गावात भांडणं होत नाहीत. इथं माणसाला माणसाचा राग आला, की तो त्याला जरा जास्तच हसून "कसं काय" विचारतो आणि पुढची वीस वर्षं त्याच्या घरची कॉफी पीत नाही. टोरुनला हे जमायचं नाही. तिला जे वाटायचं ते ती तोंडावर बोलून मोकळी व्हायची, आणि वर म्हणायची, "मी काय वेगळं बोलले? सगळ्यांना एकच माप लावलं."

हे माप तिचं जुनं दुखणं होतं. गावच्या 'पोस्टेन' या वर्तमानपत्रात ती विशीत असताना छपाईचे खिळे जुळवायला लागली. खिळे गेले, छपाई गेली, तरी टोरुन राहिली. आता ती पोस्टेनच्या संकेतस्थळावर बसायची. वाचकानं एक बातमी वाचून संपवली, की खाली 'हेही वाचा' म्हणून चार लेख दिसतात, ते चार कुठले असावेत हे ती ठरवायची. लग्न केलं नव्हतं. भांडायला पोस्टेन होतं, जेवायला रविवारी आईचं घर होतं, आणि त्यात तिचं बरं चाललं होतं.

आईचं नाव मार्गित. वय ब्याऐंशी. नवरा आन्फिन चार वर्षांपूर्वी गेला. आणि धाकटा मुलगा आर्विद, टोरुनचा भाऊ, याच्यावरच म्हातारीचा सगळा जीव होता.

आर्विद फेरीबोटीवर कामाला होता. धक्क्यावरच्या गाड्यांना हात करून बोटीत घ्यायचं हे त्याचं काम. सात वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यानं नेहमीसारखा हात केला, शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी नेहमीसारखी गाडी पुढे घेतली, आणि बोट आणि धक्का यांच्यामधली फळी खाली टेकलेलीच नव्हती. गाडी पाण्यात गेली. मास्तर वर आले नाहीत. कोर्टानं सांगितलं, फळीचं यंत्र बिघडलं होतं, या माणसाचा दोष नाही. गावानंही तसंच सांगितलं, अगदी हसून सांगितलं, आणि त्याच्याशेजारी बसायचं सोडलं. मग पोस्टेननं त्याची मोठी मुलाखत छापली. आईच्या स्वयंपाकघरात बसून तो घडाघडा बोलला होता. मथळा त्याच्याच तोंडचा होता: 'मी हात केला म्हणून तो आला.' मुलाखत छापून आली आणि वसंत लागायच्या आत आर्विद उत्तरेला मासे गोठवायच्या कारखान्यात निघून गेला.

तो गेल्या ऑगस्टमध्ये परतला. लाकडाच्या वखारीत त्याला काम मिळालं, चर्चच्या गायनात मागच्या रांगेत जागा मिळाली. नोव्हेंबरात एका बाईनं त्याला घरी विणलेले हातमोजे दिले, आणि ते टोरुननं आईला सांगितलं तेव्हा म्हातारीनं आनंदानं दोनदा तेच ऐकून घेतलं. "या वेळी राहील तो," ती म्हणाली. "राहिला तर मी सुखानं डोळे मिटेन बाई." टोरुनलाही दुसरं काही नको होतं. आर्विद राहावा, एवढंच.

त्याच हिवाळ्यात पोस्टेनच्या संपादकाला, हेल्गेला, वाटलं की 'हेही वाचा' हे एका बाईच्या लहरीवर चालू नये. हेल्गे चाळिशीचा, सभ्य आणि बोलायला मऊ, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की त्याला खोकला यायचा. त्यानं बर्गन शहरातून दोन जाणकार बोलावले. त्यांनी सांगितलं, लेखांचा क्रम यंत्राला लावू द्या. फक्त क्रम कशावरून लावायचा ते तुम्ही ठरवा.

मग पद्धती तपासणं सुरू झालं. आधी ठरलं, जे सर्वात नवं ते वर. तेव्हा नेसवोगकरांना दिवसभर 'वाऱ्यामुळे सकाळची बोट रद्द' आणि 'बोट पुन्हा सुरू' एवढंच वाचायला मिळालं. मग ठरलं, ज्यावर सगळ्यात जास्त लोक बोट दाबतात ते वर. आता गाव खरं काय वाचतं ते उघडं पडलं: कुणाचं घर केवढ्याला गेलं, कुणाची मिळकत किती, कुणाच्या घटस्फोटाची तारीख लागली. पाद्रीबाईंच्या उपदेशाखालीसुद्धा घरांच्या किमतीच! त्यानंतर साम्य लावून पाहिलं, म्हणजे ज्या विषयाची बातमी त्याच विषयाचे लेख खाली. एक पोरगी समुद्रात बुडाली, आणि तिच्या बातमीखाली यंत्रानं पोहण्याच्या तलावाच्या नव्या वेळा दाखवल्या. हेल्गेनं ते संध्याकाळी बंद केलं. दिवसभर त्याला खोकला येत होता.

टोरुन उभी राहिली ती तेव्हा. शुक्रवार होता, म्हणजे कचेरीत गरम वॅफल करायचा दिवस. सगळे मोठ्या टेबलाभोवती तपकिरी चीज कापत बसले होते.

"माणूस लेखावर किती वेळ थांबतो ते मोजा," ती म्हणाली. "बोट काय, माकडही दाबतं. थांबतो तो खरा वाचक."

"पण मग गावातले लेखच वर येणार," बर्गनचा माणूस म्हणाला. "वाचक जास्त, म्हणून एकूण वेळही जास्त."

"एकूण कशाला मोजता? माणशी सरासरी काढा. वरच्या खोऱ्यातल्या चार घरांनी मन लावून वाचलेला लेख गावातल्या चार हजारांनी चाळलेल्या लेखाच्या खाली का म्हणून असावा? आणि जुने लेखही घ्या. चांगलं लिहिलेलं नासत नाही."

हे सगळ्यांच्या मनात बसलं. चार घरांसाठी डोंगर पोखरून बोगदा करणारा आमचा देश. लहानाला मोठ्याच्या बरोबरीनं बसवायचं म्हटलं की आमच्या डोळ्यांत पाणी येतं. फक्त बर्गनचा माणूस म्हणाला, "वाचक अगदीच थोडे असले तर सरासरी फसवते. निदान इतके वाचक हवेत, अशी एक अट घाला."

"अट घातली की लहानांना दार बंदच झालं," टोरुन म्हणाली. "अट नाही."

तेवढ्यात बोदिलनं तोंड उघडलं. बोदिल वर्गणीच्या टेबलावर बसायची, टोरुनच्या समोरच. तिचा भाचा दोन वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला होता, आणि पोस्टेननं ते छापलं होतं.

"जुने लेख घेणार असाल तर... ते एक-दोन वगळता येतील का? पोराला नुकतं काम लागलंय."

बोदिलनं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागताना तिची मान लाल झाली होती. टोरुनला ते दिसलं, आणि तरीही ती म्हणाली, "आज तुझा भाचा, उद्या महापौरांचा मेव्हणा. एकदा हात घातला की संपलं. आणि चाचणी चालू असताना मध्येच माप बदललं तर चाचणीला अर्थ काय? कुणीही खास नाही, बोदिल."

मतं घेतली. उन्हाळ्यापर्यंत हीच पद्धत, दर सोमवारी नवा क्रम, कुणी हात लावायचा नाही. बोदिलनंही हात वर केला. मग तिनं आपला वॅफल न खाता डब्यात भरला.

पहिले काही आठवडे टोरुनचे पाय जमिनीला लागत नव्हते. मधमाश्या पाळणाऱ्या म्हाताऱ्यावरचा लेख वर आला, बेटावरच्या बंद पडलेल्या शाळेचा आला. लोक पत्रं लिहून शाबासकी देऊ लागले. हेल्गेनं एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हेल्गे कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही.

मग मार्चमधला एक सोमवार उजाडला. टोरुननं कॉफीचा कप टेबलावर ठेवला, संगणक सुरू केला, आणि हवामानाच्या बातमीखाली पहिलंच नाव दिसलं: 'मी हात केला म्हणून तो आला.' तिनं दुसरी बातमी उघडली. तिच्याखालीही तेच. मासळीच्या भावाखाली, हँडबॉलच्या निकालाखाली, इस्टरच्या पाककृतीखाली, जिथं पाहावं तिथं तिच्या भावाचा चेहरा. सात वर्षांपूर्वीचा, रडून सुजलेला.

समोरून बोदिल म्हणाली, "बरं वाटत नाहीये का गं? पाणी आणू?"

गावानं कुणाला काही विचारलं नाही. गाव फक्त वाचत बसलं. बुधवारी आर्विद वखारीच्या अंगणात उभा होता. एक गिऱ्हाईक गाडीमागे जोडलेला गाडा उलटा आत घेत होतं, आणि आर्विदनं त्याला वाट दाखवायला हात वर केला. गिऱ्हाइकानं काच खाली केली.

"राहू दे रे बाबा," तो हसून म्हणाला. "तू हात नको करूस. माझा मी बघतो."

अंगणातले सगळे हसले. वाईट हसले असंही नाही, विनोद झाला म्हणून हसले. आर्विदही हसला. त्या संध्याकाळी तो टोरुनच्या दारात आला, आणि आत न येता पायपुसण्यावरच उभा राहिला.

"तो लेख आता कोण वाचतंय, टोरुन?"

"माहीत नाही. यंत्र क्रम लावतं."

"मास्तरांची बायको काल दुकानात माझ्या मागे रांगेत होती. तिनं सामान तसंच टोपलीत सोडलं आणि बाहेर गेली. तिला बिचारीला का दाखवताय?" त्यानं बुटावरचा बर्फ झटकला. "काढता येईल का तो?"

"मी बघते," टोरुन म्हणाली. हातमोज्यांचं काय झालं ते विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण त्याचे हात उघडे होते, थंडीनं तांबडे झालेले, आणि तिनं विचारलं नाही.

तिला तो लेख खाली ढकलायला एक बटण पुरलं असतं. बटण तिच्याच हाताखाली होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिनं ती खिडकी उघडली, बोट टेकवलं, आणि मान वर केली तर बोदिल आपल्या टेबलावर गाजर खात तिच्याकडे बघत होती. टोरुननं बोट उचललं. कायदा तिनंच केला होता, आता चोरून मोडायची तिला लाज वाटली. भावाचा जीव जात होता आणि बाईला आपल्या ताठ मानेची काळजी!

शुक्रवारी तिनं सगळ्यांसमोर मागितलं. हेल्गे आधी म्हणाला होता, "मी एकट्यानं कसं ठरवू? सगळ्यांचा निर्णय होता." वॅफलचा वास सुटला होता. टोरुन उभी राहिली, आणि तिचीही मान लाल झाली.

"एकच लेख," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे कुठला. माझ्या आईसाठी म्हणा हवं तर."

टेबलावर फक्त सुऱ्यांचा आवाज होता.

"आपला तो बाब्या," बोदिल म्हणाली, "आणि दुसऱ्याचं ते कार्टं. असंच ना?"

"बोदिल, मी तेव्हा चुकले."

"छे गं! बरोबरच होतीस. माझ्या भाच्याचा लेख वर आला, त्याचं काम गेलं, पण माप बरोबर होतं. कुणीही खास नाही." आणि तिनं टोरुनपुढे मुरंब्याची बरणी सरकवली. "घे ना. गार होतील."

हेल्गेला खोकला आला. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "टोरुन, आपल्या सगळ्यांनाच वाईट वाटतंय. पण आकडे बघता... वर येण्याआधीच्या आठवड्यात हा लेख एकाच घरात उघडला होता. एकच वाचक. सकाळी उघडतो आणि दिवसभर मिटतच नाही. सरासरी कुठच्या कुठे गेली. असा वाचक आपल्याकडे दुसरा नाही." त्याच्या आवाजात थोडं कौतुकच होतं.

मतं घेतली. टोरुनच्या बाजूनं एकटी टोरुन.

ती तिथून उठली आणि कोट न घालता गाडीत बसली, कारण हेल्गेचं वाक्य संपायच्या आतच ते एक घर कुठलं हे तिला कळलं होतं.

मार्गितनं दार उघडं ठेवलं होतं. स्वयंपाकघरात पावाच्या डब्याला टेकून टॅब उभा होता, टोरुननंच नाताळात घेऊन दिलेला. त्यावर तो लेख होता. लेखाच्या मधोमध एक लहानशी चित्रफीत होती. आर्विद टेबलाशी बसलाय, खाली बघतोय. मागून एक हात येतो, किटलीतून कॉफी ओततो, आणि आन्फिनचा आवाज म्हणतो, "पी रे, गार होतेय." बस, एवढंच. आन्फिननं आयुष्यात फोटोही धड काढू दिला नव्हता. त्याचा आवाज जगात एवढाच उरला होता.

"पंधरवड्यापूर्वी सापडलं हे. सकाळी कॉफी घेताना लावते," म्हातारी म्हणाली. "मग बंद करावंसं वाटत नाही. घरात माणूस असल्यासारखं वाटतं. तू आज शुक्रवारची कशी?"

टोरुननं सांगायचं कसं? की आई, तू तुझ्या पोराला रोज सकाळी चौकात उभं करतेस? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिनं टॅब उचलला.

"याचा पडदा बिघडलाय. दुरुस्तीला नेते."

"चांगला तर चालतोय."

"आतून बिघडलाय, आई."

"लवकर आणशील ना?"

"आणते."

मार्गितनं हरकत घेतली नाही. डब्यासमोरची जागा तिनं फडक्यानं पुसली, आणि टोरुन निघाली तेव्हा ती त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसली होती.

शनिवार-रविवार टॅब टोरुनच्या कपाटात बंद राहिला. रविवारी जेवताना आईनं आर्विदला पुन्हा पुन्हा वाढलं, आणि त्यानं पुन्हा पुन्हा खाल्लं. टोरुन मनात मोजत होती: आता वाचकच नाही, म्हणजे वेळ नाही, म्हणजे सोमवारी लेख खाली.

सोमवारी लेख पहिलाच होता.

तिनं आकडे उघडले. शुक्रवारपासून आईच्या घरचा वेळ शून्य होता, पण आता त्याची गरजच उरली नव्हती. गेल्या आठवड्यात जवळजवळ अख्ख्या गावानं लेख उघडला होता, आणि गाव नुसतं चाळत नव्हतं. लेख लांब होता, गाडी पाण्यात कशी गेली ते आर्विदनं सावकाश सांगितलं होतं, आणि नेसवोगकर शेवटच्या ओळीपर्यंत थांबत होते. काही परत वर जाऊन पुन्हा वाचत होते. बोट दाबून पळणारे हे वाचक नव्हते. टोरुनला हवे होते तसे, थांबणारे, खरे वाचक होते.

हेल्गेनं त्या दिवशी केक आणला. पोस्टेनवर लोक इतका वेळ कधीच थांबले नव्हते. केकचा पहिला तुकडा टोरुनला देण्यात आला.

आर्विद गुरुवारच्या बोटीनं गेला. वखारीनं त्याला काढलं नव्हतं, मालक फक्त म्हणाला होता, "काही दिवस आतलं काम बघ, अंगणात नको." हातमोजेवाली बाई गायनाला यायची बंद झाली होती. टोरुन त्याला सोडायला धक्क्यावर गेली. दुसरी वाट नाही, नेसवोगहून जायचं तर त्याच धक्क्यावरून जावं लागतं. तो पायीच होता, पाठीवर पिशवी. एक तरुण पोरगा पिवळ्या जाकिटात गाड्यांना हात करत होता, आणि आर्विद त्या हाताकडे बघत राहिला.

"माझ्यामुळे झालं," टोरुन म्हणाली. "ती पद्धत मीच आणली. अटही मीच नको म्हटलं."

"तू तुझं काम केलंस," तो म्हणाला. "मीही तेव्हा माझं कामच करत होतो."

त्याला टोचायचं नव्हतं. समजूत घालायची म्हणूनच तो बोलला, आणि म्हणून टोरुनला ते आजपर्यंत विसरता आलेलं नाही. आईचं तिनं त्याला सांगितलं नाही. तेवढी एक दया तिच्या हातून झाली.

"आता कुठे जाणार?"

"बघू. जिथं पोस्टेन कुणी वाचत नाही तिथं." तो हसला, आणि बोटीवर चढताना फळी टेकली आहे का ते त्यानं वाकून पाहिलं.

टोरुननं धक्क्यावरून सरळ घर गाठलं, कपाटातून टॅब काढला आणि आईकडे नेला. आता तो ठेवून घेण्यात काही अर्थ नव्हता.

मार्गितला आर्विदनं सकाळीच सांगितलं होतं. तिचं रडून झालं होतं. टॅब दिसल्यावर ती म्हणाली, "झाला दुरुस्त?"

"झाला."

"इतक्या वर्षांनी लोकांना ते सगळं कुणी दाखवलं गं? कुणाचं काय वाईट केलं होतं माझ्या पोरानं?"

"यंत्र आहे, आई. ते आपोआप होतं."

"मेल्याला दुसरं काही मिळालं नाही दाखवायला?" म्हातारीनं टॅब हातातून घेतला, पावाच्या डब्याला टेकवला, आणि तोच लेख उघडला. आर्विद टेबलाशी बसला होता, खाली बघत. मागून हात आला, कॉफी ओतली.

"पी रे, गार होतेय."

आर्विदनं कप उचलला. मार्गितनं खुर्ची जवळ ओढली.

"आता दोघंही इथंच," ती म्हणाली.

टोरुनला माहीत होतं की या घरातला वेळ आता पुन्हा मोजला जाऊ लागला आहे, आणि सोमवारी तो धरला जाईल. तिनं बंद करायला हात पुढे केला. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. टोरुननं तोच हात किटलीकडे नेला आणि दोन कपांत कॉफी ओतली.